घुमटापासून काचेच्या जमिनीपर्यंत

गेल्या दिवाळीनंतर माझ्या आतेभावाचा पुण्याहून फोन आला. "ताई, डिसेंबरात आम्ही चौदा जण बडोद्याला येतोय. राजवाडा तर बघूच, पण बाकी काय बघायचं ते तू ठरव आणि तूच दाखव," असे तो म्हणाला. माझा जन्म बडोद्याचा. दांडिया बाजारात वाढले, येथल्याच विद्यापीठात बी. ए. झाले आणि पुढे तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले, त्यामुळे मी तत्काळ होकार दिला. फोन ठेवून यादी करायला बसले तेव्हा मात्र जाणवले की प्रत्येक इमारतीबद्दल माझ्यापाशी एक नाव, एक सन आणि लहानपणी ऐकलेली एखादी गोष्ट यापलीकडे काहीच नाही. ज्या घुमटाखालून मी तीन वर्षे रोज ये-जा केली, त्याच्याकडे मान वर करून एकदाही नीट पाहिलेले नव्हते. पाहुणे यायला पाच आठवडे होते. त्या पाच आठवड्यांत ही फेरी कशी आखली गेली आणि आखता आखता ती कशी बदलली, ते येथे लिहिते आहे.

पहिल्या यादीत सतरा ठिकाणे होती आणि सर्वांत वर अर्थातच लक्ष्मी विलास राजवाडा. ती यादी घेऊन मी शेजारच्या आप्पांकडे गेले. आप्पा बांधकाम खात्यातून ओव्हरसिअर म्हणून निवृत्त झालेले. वय ऐंशीच्या घरात, पण चालणे अजून खणखणीत. त्यांनी यादी वाचली, चष्मा काढला आणि विचारले, "पाहुण्यांना इमारती दाखवायच्यात की मोजायच्यात?" मग त्यांनी मला एकच शिस्त घालून दिली. कोणत्याही इमारतीसमोर उभे राहिले की नजर आधी जोत्यावर टेकवायची, तेथून भिंतीने वर चढायचे, भिंतीतली उघडी जागा कशाने पेलली आहे ते पाहायचे, म्हणजे कमान आहे की तुळई, आणि सगळ्यात शेवटी छपराकडे जायचे. आपण नेमके उलटे करतो. घुमट आणि मनोरे आधी पाहतो, छायाचित्र काढतो आणि पुढे निघतो. भार वरून खाली कसा उतरतो हे ज्याला दिसले त्याला इमारत दिसली, असे आप्पांचे म्हणणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसात वाजता आम्ही दोघे सयाजीगंजातून निघालो. हातात घड्याळ, वही आणि पाण्याची बाटली. आप्पांच्या शिस्तीचा पहिला प्रयोग झाला तो बडोदा कॉलेजवर, म्हणजे आजच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कला शाखेवर. हे कॉलेज १८८१ साली सुरू झाले आणि त्याची इमारत रॉबर्ट चिझम या वास्तुविशारदाने आखली. मद्रासचे सेनेट हाउस त्याचेच. तिकडे इस्लामी, हिंदू आणि युरोपीय घडणी एकत्र गुंफण्याचा जो हात त्याला बसला होता तो घेऊनच तो बडोद्यास आला. इमारतीचा मोठा घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून सुचलेला आहे. गोल घुमटाच्या खालोखाल याचाच नंबर, हे वाक्य बडोद्यात प्रत्येकाच्या तोंडी असते आणि माझ्याही वहीत ते पहिल्याच ओळीवर होते. आप्पांनी ते खोडायला लावले. "नंबर सांगितला की माणूस वर बघायचं थांबतो," ते म्हणाले. त्याऐवजी त्यांनी मला आत मधोमध उभे केले आणि विचारले, "खोली चौकोनी, घुमट गोल. मग चार कोपऱ्यांचं काय झालं?" मी मान वर करून पाहत राहिले. चौकोनाचे कोपरे कमानींनी छाटत, टप्प्याटप्प्याने गोलाई आणत घुमटाला बैठक द्यावी लागते, ही इतकी साधी गोष्ट मला पन्नाशी उलटल्यावर आणि माझ्याच कॉलेजात समजत होती. मग बाहेर येऊन रस्त्याच्या पलीकडून पाहिले, तेव्हा मोठ्या घुमटाच्या सोबतीला बसवलेले लहान घुमट, विटांचा तांबूस रंग आणि त्यात दगडांचे फिकट-गडद पट्टे हे सारे वेगळेच दिसू लागले.

याच इमारतीत अरविंद घोष यांनी इंग्रजी आणि फ्रेंच शिकवले, विनोबा येथेच विद्यार्थी होते, आणि १९४९ साली विद्यापीठ स्थापन झाल्यावर हंसा मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. ही नावे मी फेरीत ठेवली. मात्र ती घुमटाखाली न सांगता बाहेर झाडाखाली बसून सांगायची असे ठरवले, कारण माणूस एकाच वेळी कान आणि डोळे दोन्ही देऊ शकत नाही.

तेथून काळ्या घोड्यापाशी, म्हणजे सयाजीराव महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यापाशी, आणि मग कमाटी बागेत. बागेतल्या संग्रहालयाची इमारत १८९४ साली पुरी झाली आणि ती पाहण्यासारखी आहेच. पण आत शिरले की व्हेल माशाचा सांगाडा आणि इजिप्तची ममी यांच्यापुढे इमारत कोणी पाहत नाही, शिवाय अर्धा दिवस जातो. ती मी वगळली. बागेत मी एक जागा मात्र धरली, जी माझ्या पहिल्या यादीत नव्हती, कारण तिथे दाखवायला इमारतच नाही. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली अमेरिकेला शिकायला गेलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला या शहरात आले. त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले, आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. मुंबईची गाडी रात्री होती. तोवरचे तास त्यांनी या बागेत एका झाडाखाली बसून काढले. आज त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात. वास्तुशिल्पाच्या फेरीत ही जागा कशी बसते, असे मला एका मैत्रिणीने विचारले. मला ती बसवायचीच होती. ज्या गावाने त्या चाळीस वर्षांत न्यायालय, कॉलेज, संग्रहालय, मंडई आणि राजवाडे बांधले, त्या गावात त्यांना एक खोली मिळाली नाही, हे न सांगता पुढच्या इमारतींपुढे उभे राहणे मला जमले नसते.

विश्वामित्रीचा पूल ओलांडून कोठीच्या बाजूला आले की कीर्तिमंदिर लागते. गायकवाड घराण्याच्या स्मृतीसाठी सयाजीराव महाराजांनी हे १९३६ साली, आपल्या कारकिर्दीच्या हीरक महोत्सवाच्या वेळी बांधवले. शिखरावर सूर्य, चंद्र आणि पृथ्वी आहेत आणि अखंड भारताचा नकाशा आहे. खरे थांबायचे ते आत, मधल्या दालनात. चारही भिंतींवर नंदलाल बोस यांची भित्तिचित्रे आहेत: गंगावतरण, महाभारतातले युद्ध, मीराबाईचे जीवन आणि रवींद्रनाथांच्या नाटकावरची नटीर पूजा. १९३९ ते १९४६ या काळात ते येऊन-जाऊन ही चित्रे काढत होते. पुढे चारच वर्षांनी, १९५० साली, याच शहरात विद्यापीठाची ललित कला शाखा उघडली. इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे तिथे चित्रकला शिकवायला आले आणि नंदलालांचे विद्यार्थी के. जी. सुब्रमण्यनही आले. बडोद्याच्या चित्रकलेची चर्चा देशभर होते, पण ही चार भिंतींची खोली पाहायला बडोदेकर फारसे जात नाहीत. मी स्वतः त्या दिवशी दुसऱ्यांदाच गेले होते. पहिल्यांदा गेले ते शाळेच्या सहलीत.

रावपुऱ्यात शिरल्यावर आप्पांची चाल मंदावली, कारण आता त्यांच्या आवडीची गोष्ट आली होती: तांबेकर वाडा. विठ्ठल खंडेराव ऊर्फ भाऊ तांबेकर हे १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण होते आणि हा वाडा त्यांचा. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असलेला हा लाकडी वाडा आजूबाजूच्या दुकानांत आणि फलकांत इतका दडला आहे की पाहुण्याला तो आपण होऊन सापडणार नाही. आत शिरताच पुण्या-नाशिककडच्या माणसाला घरी आल्यासारखे वाटते. आप्पा एका खांबापाशी खाली बसले आणि त्यांनी खांबाच्या तळाशी बोट टेकवले. "लाकूड जमिनीला टेकतच नाही, बघ. मध्ये दगड आहे. तळखडा. ओल चढू नये म्हणून." मग बोट खांबावरून वर नेत त्यांनी खांबाच्या माथ्यावरचा हस्त, म्हणजे तुळईला आधार देणारा लाकडी ठोकळा, त्यावरची तुळई आणि तुळईवर आडव्या टाकलेल्या तुळव्या दाखवल्या. कॉलेजात जे काम कमान करते, ते येथे हस्त आणि तुळई करतात. दीड-दोन किलोमीटरच्या अंतरात भार उतरवण्याच्या दोन पद्धती समोरासमोर पाहायला मिळतात. माझी फेरी त्या क्षणी जुळली. तोपर्यंत माझ्याकडे ठिकाणांची यादी होती. आता एकापुढे एक ठेवण्याला कारण मिळाले.

वाड्याच्या वरच्या दालनांत भिंतभर चित्रे आहेत. कृष्णलीला आहेत, महाभारत-भागवतातले प्रसंग आहेत, इंग्रज-मराठ्यांच्या लढाया आहेत, आणि त्यांच्याच शेजारी युरोपीय पेहरावातल्या बायका आहेत. काही ठिकाणी गिलावा सुटून रंग गेला आहे. मी एका कोपऱ्यात पाच मिनिटे एकाच चित्रापुढे उभी राहिले: लाल आणि हिरवा हे दोन रंग अजून इतके ताजे आहेत की गेलेल्या भागाची हळहळ अधिक होते. रखवालदाराने खिडकीचे एक दार उघडून दिले तेव्हा उजेड तिरपा आला आणि रेषा उठून दिसल्या. दुपारी बारानंतर तो उजेड राहत नाही, हे दुसऱ्या वेळी गेले तेव्हा कळले. म्हणून वाड्याची वेळ साडेनऊ ठरली आणि त्यानुसार पुढचे-मागचे सगळे वेळापत्रक हलले.

परवानग्यांविषयी थोडक्यात सांगते. एकूण चार ठिकाणी मी लेखी अर्ज दिले. त्यांपैकी एका कार्यालयात माझा अर्ज दोनदा गहाळ झाला आणि तिसऱ्या खेपेस "वास्तू बघायला परवानगी कशाला, बाहेरून बघा" असे उत्तर मिळाले. मी तेथे वाद घातला नाही, पण वाईट वाटले. आपल्या गावातली देखणी इमारत आतून पाहण्याची इच्छा ही कोणाला अडचण वाटावी, हे मनाला लागले. चौथा अर्ज घेऊन मी रोज सकाळी जाऊन बसू लागले आणि सहाव्या दिवशी सही मिळाली. जे कोणी अशी फेरी आखणार असतील त्यांनी अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठू नये.

सूरसागरच्या काठावरचे न्यायमंदिर १८९६ साली उघडले. सयाजीराव महाराजांच्या प्रथम पत्नी, तंजावरच्या चिमणाबाई, १८८५ साली अगदी तरुण वयात वारल्या; त्यांचे नाव या इमारतीला दिले आहे. ही इमारतही चिझमचीच, पण येथे त्याने बायझंटाइन घडण वापरली. न्यायालय दिवाळीपुऱ्याच्या नव्या संकुलात गेल्यापासून पायऱ्यांवर पूर्वीची वर्दळ नाही. माझे वडील वकिलाकडे कारकून होते. त्यांचा डबा घेऊन मी लहानपणी त्या पायऱ्या चढले आहे, आणि काळे कोट, अर्ज लिहिणारे, चहाची किटली घेऊन धावणारी मुले यांच्यासह ती इमारत मला आठवते. आप्पांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मग हेच सांग. सन कोणीही सांगेल."

त्यानंतर मी यादी पुन्हा लिहिली. राजवाडा वरून खाली आला. तो मोठा आहे, वादच नाही. मेजर चार्ल्स मँट याने तो आखला. कोल्हापूरचा नवा राजवाडा आणि अजमेरच्या मेयो कॉलेजची इमारत ही त्याचीच कामे. १८७८ साली काम सुरू झाले, १८८१ साली मँट वारला आणि पुढचे काम चिझमने १८९० पर्यंत पुरे केले. आपल्या आकडेमोडीत चूक झाली आहे आणि इमारत ढासळेल, या धास्तीने मँटने जीव दिला असे सांगितले जाते. २००१ च्या भूकंपानंतरही ती इमारत उभी आहे. सोनगडच्या खाणीतला सोनेरी दगड, दरबार हॉलची व्हेनिसच्या कारागिरांनी केलेली कुट्टिमकला म्हणजे मोझेक, रंगीत काचा, रविवर्म्याची चित्रे, हे सारे पाहावे. आवारातली १४०५ सालची नवलखी विहीर तर राजवाड्याहून पावणेपाचशे वर्षांनी जुनी आहे. परंतु राजवाडा एका कुटुंबासाठी बांधला गेला. शहराच्या कामासाठी जे बांधले गेले त्यात बडोदे अधिक दिसते, हे माझे मत या पाच आठवड्यांत पक्के झाले, आणि म्हणून राजवाडा दुसऱ्या दिवसावर ढकलून मी फेरीचा शेवट मांडवीजवळच्या, म्हणजे जुन्या शहराच्या मधोमध असलेल्या कमानींच्या मंडपाजवळच्या, मध्यवर्ती ग्रंथालयात ठेवला.

पाहुणे आले. डिसेंबरची थंडी, साडेसातला स्टेशनजवळ शेव-उसळीचा नाश्ता, आठ वाजता घुमट. चौदांत एक सातवीतली मुलगी होती, आतेभावाची नात. घुमटाखाली मी आप्पांचा प्रश्न विचारला तेव्हा मोठी माणसे गप्प राहिली आणि तिने हवेत बोटाने कोपरे कापून दाखवले. कमाटी बागेत तिनेच विचारले, "आजी, एवढ्या इमारती होत्या ना तेव्हा? मग त्यांना एक खोली पण नाही दिली कोणी?" मी नाही म्हणाले. तिच्या आजोबांनी तिचा हात धरला आणि आम्ही बराच वेळ न बोलता पुलापर्यंत चाललो. पुलावरून सगळे जण खाली विश्वामित्रीत मगर दिसते का ते पाहू लागले, तेव्हा कुठे बोलणे पुन्हा सुरू झाले.

वाड्यात आम्ही नऊ चाळीसला पोहोचलो. दहा मिनिटे उशीर झाला, पण उजेड होता. न्यायमंदिर बाहेरून पाहिले. लहरीपुरा दरवाजातून जुन्या शहरात शिरलो आणि मांडवीखाली उभे राहून चारही दिशांचे रस्ते पाहिले: प्रत्येक बाजूला तीन कमानी, आणि प्रत्येक रस्ता शहराच्या एका दरवाजाकडे जाणारा, लहरीपुरा, पाणी, चांपानेर आणि गेंडी. रहदारीमुळे तेथे बोलणे अशक्य असते, त्यामुळे मी हे सारे आधीच दरवाजापाशी सांगून घेतले होते.

सव्वाअकराला ग्रंथालय. सयाजीराव महाराजांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला १९१० साली बोलावून घेतले आणि त्याच्या हातून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणले. जेथे इमारत नव्हती त्या खेड्यात पुस्तकांच्या पेट्या जात असत. महाराजांनी स्वतःचा ग्रंथसंग्रहही या ग्रंथालयाला दिला. याच संस्थानाने १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले होते. मुलांना वाचायला शिकवल्यावर त्यांच्या हाती द्यायला पुस्तके हवीत, हा विचार त्यामागे सरळ दिसतो. पण मी पाहुण्यांना आणले होते ते पुस्तकांच्या कोठारासाठी. तेथे मजल्यांवर पोलादी मांडण्या उभ्या आहेत आणि मांडण्यांमधली चालायची जमीन जाड, दुधी काचेची आहे. वरचा उजेड काचेतून झिरपत खालच्या मजल्यावर यावा आणि दिवा न लावता पुस्तकाच्या पाठीवरचे नाव वाचता यावे, यासाठी ती तशी केली आहे. कागदाच्या कोठारात आगीची भीती मोठी. उघडा दिवा नको, लाकूड नको, म्हणून पोलाद आणि काच.

ग्रंथपालांच्या परवानगीने आम्ही पाच-पाच जणांनी वर जायचे ठरवले. आप्पा खालीच थांबले. त्यांना जिना नको होता. मीही त्यांच्यापाशी थांबले. वर पाहिले तर काचेवर पावलांच्या सावल्या सरकत होत्या, एक मोठी, एक लहान, मध्येच थांबणाऱ्या, एका मांडणीपाशी गोळा होणाऱ्या. काचेच्या चौकटी कशावर टेकल्या आहेत ते आप्पा शोधत होते. त्यांनी मांडणीच्या उभ्या पोलादी पट्टीवर हात ठेवला आणि नेहमीप्रमाणे बोट खालून वर नेले. "ताई, याला वेगळे खांब नाहीत. मांडणीच खांब आहे. पुस्तकांनीच मजला उचललाय बघ."

मी वहीत ते लिहून घेतले. जानेवारीत नाशिकहून दुसरे वीस जण येत आहेत. त्यांच्या वेळापत्रकात ग्रंथालयासाठी वीस मिनिटांऐवजी पाऊण तास ठेवला आहे, आणि आप्पांसाठी खाली एक खुर्ची मागून घेतली आहे.